१५५ पायऱ्या आणि एक लिफ्ट

इतिहास म्हटला की तख्त, तलवारी आणि तह एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु सामान्य माणसाचे कष्ट वाचवणाऱ्या वास्तूंनाही इतिहास असतो. तुर्कस्तानातील इझमीर शहराची सार्वजनिक लिफ्ट ही अशीच एक वास्तू होय.

इझमीर हे एजियन समुद्राकाठचे पुरातन बंदर. त्याच्या कराताश भागात समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी तेवढी आहे. खाली किनाऱ्यालगतचा रस्ता, वर कड्यावर दुसरी वस्ती आणि दोहोंना जोडणारा जिना तब्बल १५५ पायऱ्यांचा! तरण्याताठ्यांचे एक वेळ ठीक. पण सामानसुमान घेऊन परतणारी गृहिणी, वृद्ध, आजारी यांनी तो रोज कसा चढावा?

उस्मानी राजवटीत, १९०७ साली, नेसिम लेवी बायराक्लओलू या धनिक यहुदी व्यापाऱ्याने लोकसेवा म्हणून यावर उपाय केला. कड्याला लागून त्याने विटांचा उंच मनोरा उभारला. विटा फ्रान्समधील मार्सेयहून आणवल्या. आत दोन लिफ्ट बसवल्या. खालच्या रस्त्यावर आत शिरावे आणि वर कड्यावरच्या वस्तीत बाहेर पडावे, अशी सोय झाली. लोक या वास्तूला 'आसान्सर' म्हणू लागले. लिफ्ट या अर्थाचा हा शब्द तुर्कीने फ्रेंचमधून घेतला आहे.

आता लिफ्टचे शास्त्र पाहू. विहिरीच्या रहाटावर दोराच्या एका टोकाला भरलेली बादली आणि दुसऱ्या टोकाला तेवढेच वजन बांधले, तर ओढायला फारसा जोर लागत नाही. दोरावरच्या लिफ्टमध्येही पाळण्याच्या विरुद्ध बाजूला असेच वजन सोडतात. त्यामुळे यंत्राला दोन्ही बाजूंतील फरकाएवढाच भार पेलावा लागतो.

पण दोर तुटला तर? याचे उत्तर एलिशा ओटिस या अमेरिकन कारागिराने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात दिले. उंच चढवलेल्या फळीवर स्वतः उभे राहून त्याने वरचा दोर तोडायला लावला. ताण सुटताच स्प्रिंगने खटके बाजूच्या दातेरी पट्ट्यांत अडकवले आणि फळी काही इंच खाली येऊन थांबली. तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका दुकानात त्याची प्रवासी लिफ्ट सुरू झाली.

इझमीरच्या लिफ्टचे मालक पुढे बदलले. १९८३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली, १९८५ मध्ये दोन्ही लिफ्ट विजेवर चालू लागल्या आणि नंतर वास्तूची डागडुजीही झाली.

पालकहो, त्या काळच्या इझमीरमध्ये तुर्क, ग्रीक, आर्मेनियन, यहुदी असे सारेच राहत होते. वर जाणाऱ्याचा धर्म लिफ्टला ठाऊक नसतो. तिला फक्त त्याचे वजन कळते. पैसा पुष्कळांजवळ असतो, पण दुसऱ्याच्या पायऱ्या मोजणारा एखादाच. आपल्या मोहल्ल्यात अशा १५५ पायऱ्या कोठे आहेत आणि त्या कोणाला चढवत नाहीत, हे आपण कधी मोजले आहे काय?