फियाटची निगा

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या चार दशकांत मुंबई-पुण्याकडे खासगी मोटार म्हणजे बहुतेक वेळा फियाट. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लर कंपनीच्या परवान्याने अमेरिकी गाड्यांची जुळणी होत असे. मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून ‘फियाट ११००’ तिथून बाहेर पडू लागली. पुढे डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी अशी नावे बदलत गेली, लोकांच्या तोंडी मात्र ती अखेरपर्यंत फियाटच राहिली. चार सिलिंडरचे १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर, हा तिचा साचा जवळजवळ शतक संपेपर्यंत टिकला.

एकच यंत्र चाळीस-पन्नास वर्षे रस्त्यावर राहिले, ही गोष्ट उद्योगासाठी लाजिरवाणी असेल, पण देखभालीच्या दृष्टीने तिचे परिणाम वेगळे झाले. वडिलांच्या गाडीवर जे शिकले ते मुलाच्या गाडीवर चालत होते. नाशिकच्या मिस्त्रीला जे ठाऊक तेच रत्नागिरीच्या मिस्त्रीलाही ठाऊक होते. बिघाडांची एक सामाईक भाषा तयार झाली: ‘करंट येत नाही’, ‘कचरा आलाय’, ‘मिसिंग मारते’, ‘पिकअप नाही’, ‘पाणी उकळतंय’. मालकाने एवढे म्हटले की मिस्त्रीला कोणता पाना काढायचा ते कळे.

या दुरुस्तीच्या संस्कृतीचे श्रेय सहसा काटकसरी स्वभावाला दिले जाते. खरे कारण टंचाईचे होते. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी चालवली होती. फोर्डचाही भारतात असाच उद्योग होता. सुटे भाग देशातच टप्प्याटप्प्याने बनवण्याची अट सरकारने घातल्यावर १९५४ च्या सुमारास दोघांनीही काढता पाय घेतला. मैदानात उरल्या मुख्यतः तीन कंपन्या: उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर. उत्पादनाला परवान्याची मर्यादा, त्यामुळे नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे आले. १९६९ मध्ये मोटारींच्या किमतींवर कायदेशीर नियंत्रण आले आणि किंमत काय असावी हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नवी गाडी हातात पडताच ती छापील किमतीपेक्षा जास्त भावाने विकता येई, यावरून त्या काळच्या बाजाराची कल्पना यावी. अशा वेळी गाडी जुनी झाली म्हणून बदलण्याचा प्रश्नच नव्हता. ती चालती ठेवणे हाच एक मार्ग होता.

त्या मार्गावर पहिला माणूस खुद्द मालक. सकाळी गाडी काढण्यापूर्वी बॉनेट उघडणे हा नेम होता. रेडिएटरचे झाकण काढून पाणी पाहायचे. इंजिन ऑइलची पट्टी बाहेर काढून, फडक्याने पुसून, पुन्हा बुडवून पातळी बघायची. आठवड्यातून एकदा बॅटरीची सहाही झाकणे फिरवून आत डिस्टिल्ड वॉटर घालायचे. नळाचे पाणी घातले की त्यातले क्षार प्लेटांचे आयुष्य खातात, हे शाळकरी पोरांनाही माहीत असे. थंडीत चोक ओढून गाडी सुरू करायची आणि इंजिन तापले की आत ढकलायचा. विसरला तर पेट्रोल जास्त जाऊन प्लग काळे पडत. नव्या किंवा नुकत्याच बोअर केलेल्या इंजिनाचे ‘रनिंग-इन’ हा तर व्रतासारखा प्रकार होता. पहिल्या काही शे किलोमीटरांत वेग वाढवायचा नाही, ओझे लादायचे नाही, घाट टाळायचा. पुढच्या चाकांच्या किंगपिनांना ठरावीक अंतराने ग्रीस मारावे लागे. तो कंटाळा केला की स्टिअरिंग जड होई आणि पुढे चाके थरथरू लागत.

रस्त्यात बंद पडलेल्या गाडीचे निदान दोन प्रश्नांत होई: करंट आहे का, आणि पेट्रोल येते का. प्लगची वायर काढून इंजिनाच्या धातूजवळ धरायची आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचे. निळसर ठिणगी उडाली तर करंट ठीक. नसेल तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून कॉन्टॅक्ट पॉइंट बघायचे. हे दोन छोटे धातूचे ओठ इंजिन चालू असताना सतत उघडतात आणि मिटतात. प्रत्येक वेळी त्यांच्यात बारीक ठिणगी उडून ते जळत जातात, खरबरीत होतात. बारीक पॉलिश पेपरने घासले आणि त्यांच्यातले अंतर पुन्हा जुळवले की गाडी सुरू. हे अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असावे लागते. त्यासाठी फीलर गेज असे, पण तो गॅरेजमध्ये. रस्त्यावर खिशातल्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीने काम भागवले जाई. पेट्रोलचा प्रश्न असेल तर कार्ब्युरेटर खोलून जेट तोंडाने फुंकायचा. टाकीतला गाळ आणि पंपावरच्या पेट्रोलमधली भेसळ यांमुळे ही वेळ वरचेवर येई. जेटमध्ये तार घालू नये, भोक मोठे होते आणि गाडी पेट्रोल पिऊ लागते, हा सल्ला प्रत्येक मिस्त्री देई. तार मात्र त्याच्याच पेटीत सापडे.

गाडीची खरी परीक्षा घाटात व्हायची. द्रुतगती मार्ग होण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जायचे तर खोपोलीनंतर बोरघाट चढावा लागे. एप्रिल-मेच्या दुपारी या चढावर बॉनेट वर करून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग नेहमीची. कमी गिअरमध्ये इंजिन जोरात फिरते, वेग कमी असल्याने रेडिएटरला वारा लागत नाही आणि पाणी उकळते. अनुभवी माणूस झाकणाला लगेच हात लावत नसे. दाबाखालचे उकळते पाणी अंगावर उसळते. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले तर ब्लॉकला तडा जाण्याची किंवा हेड वाकडे होऊन गॅस्केट उडण्याची भीती असते. म्हणून अर्धा तास थांबणे, मग फडक्याने धरून झाकण हळू सैल करणे आणि इंजिन चालू ठेवून थोडे थोडे पाणी घालणे ही रीत होती. डिकीत पाण्याचा कॅन असल्याशिवाय घाटाला कोणी निघत नसे.

दुसरा त्रास पाणी न उकळताही होई. पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच चिकटवलेला असल्याने तोही तापे. नळीतल्या पेट्रोलची वाफ होई, आणि द्रव ओढण्यासाठी केलेला पंप वाफ ओढू शकत नसे. गाडी कण्हत कण्हत बंद पडे. याला ‘एअर लॉक’ म्हणत, वास्तविक ती हवा नसून पेट्रोलची वाफ असते. उपाय एकच: पंपावर ओले फडके गुंडाळून बसायचे. काही गाड्यांच्या पंपावर असे फडके उन्हाळाभर बांधलेलेच असे. हा गावठी उपाय शास्त्राच्या कसोटीवरही बरोबर उतरतो, कारण फडक्यातले पाणी सुकताना पंपाची उष्णता घेऊन जाते.

उतरताना प्रश्न ब्रेकचा. सतत पाय दाबून ठेवला की ड्रम तापतात, लायनिंगची पकड जाते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ‘ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा’ हा ड्रायव्हरांचा नियम त्यातून आला. गाडी न्यूट्रल करून उतारावर पेट्रोल वाचवणाऱ्यांनी घाटात किती जणांना संकटात टाकले याची मोजदाद नाही. बोरघाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. या घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराची आठवण म्हणून ते ओळखले जाते. चढणारे-उतरणारे ड्रायव्हर तिथे नाणे टाकून पुढे जात.

पावसाळा वेगळा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाच्या आत ओल धरली की ठिणगी प्लगपर्यंत न पोचता वाटेतच पसरते. झाकण काढून कोरड्या कपड्याने पुसले की बहुतेक गाड्या सुरू होत. नाही झाल्या तर धक्का स्टार्ट, आणि धक्का द्यायला सोसायटीतली मुले तयारच असत. गंजाला मात्र असा झटपट इलाज नव्हता. फियाटला वेगळी चासी नाही, तिचा पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यामुळे पायाखालचा पत्रा सडणे हा दिसण्यापुरता दोष नसून गाडीच्या मजबुतीचाच प्रश्न होता. गाडीच्या पोटाला जळके ऑइल फासणे, दारांच्या तळाची पाणी जाण्याची भोके काडीने मोकळी करणे, पावसाळा संपताच रबराची मॅटिंग उचलून खालचा भाग उन्हात वाळवणे, ही कामे करणाऱ्यांच्या गाड्या टिकल्या. उरलेल्यांच्या गाड्या पत्राकाम करणाऱ्याकडे गेल्या. तो सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करी, वर लांबी भरी आणि रंग मारी. दसऱ्याला धुतलेल्या, झेंडूची माळ घातलेल्या गाडीत रंगाखाली लांबी किती आणि पत्रा किती, हे बोटाने ठोकून पाहिल्याशिवाय कळत नसे. जुनी गाडी घेताना अजूनही ही ठोकून पाहण्याची पद्धत आहे.

मिस्त्री ही या व्यवस्थेतली मुख्य संस्था. त्याच्याकडे प्रमाणपत्र नसे. तो दहा-बारा वर्षांचा असताना कुठल्यातरी गॅरेजात पोऱ्या म्हणून शिरलेला असे. आधी रॉकेलमध्ये नटबोल्ट धुणे, मग मागितलेला पाना हातात देणे, मग चाक खोलणे, असे करत करत तो टॅपेटचे अंतर कानाने ओळखण्यापर्यंत पोचे. या शिक्षणात बालमजुरी होती, मारही होता. त्या काळाच्या आठवणी काढणारे हा भाग सहसा वगळतात. ठरावीक वापरानंतर इंजिन खोलून हेडवरचा कार्बन खरवडणे, व्हॉल्व्ह घासून बसवणे, धूर येऊ लागला की रिंगा बदलणे आणि शेवटी सिलिंडर बोअर करून मोठे पिस्टन टाकणे, ही त्याची मोठी कामे. सुट्या भागांसाठी मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर, पुण्यात नाना पेठ. मोडीतल्या भागांसाठी चोरबाजार आणि कुर्ल्याची भंगाराची दुकाने. ‘ओरिजिनल’ की ‘डुप्लिकेट’ हा प्रश्न प्रत्येक पार्टमागे असे. स्वस्त पार्ट फार काळ टिकत नसे आणि मजुरी पुन्हा द्यावी लागे.

ही घडी मोडायला सुरुवात झाली १४ डिसेंबर १९८३ रोजी. त्या दिवशी इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाला दिली गेली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, जोर पुढच्या चाकांवर, आणि तापमानानुसार आपोआप सुरू होणारा विजेचा पंखा. ही गाडी घाटात सहसा उकळत नसे. तिच्याबरोबर सर्व्हिसचे पुस्तक, मोफत सर्व्हिसची कुपने आणि अधिकृत वर्कशॉपही आले. गाडी बिघडल्यावर दाखवायची नसते, ठरलेल्या किलोमीटरला नेऊन द्यायची असते, ही कल्पना मध्यमवर्गात तेव्हा रुजली. जुन्या मिस्त्र्यांनी या पत्र्याच्या ‘डब्या’ची टिंगल केली. ती फार काळ टिकली नाही.

दुसरा धक्का इंधनाचा. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले, आणि २००० मध्ये देशभर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबली. शिशामुळे जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटना मिळणारे संरक्षण गेले. त्याच वर्षी कडक झालेल्या धूरनियमांमुळे नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन आले. आता इंधन किती सोडायचे ते सेन्सर आणि छोटा संगणक ठरवतात. फुंकायला जेट नाही, घासायला पॉइंट नाही. गाडी मिसिंग मारू लागली की मिस्त्री कान लावण्याऐवजी स्कॅनर लावतो. ज्यांनी स्कॅनर घेतला ते तरले. बाकीचे टॅक्सीच्या कामावर राहिले, कारण मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी अजून फियाटच होती. पुढे या टॅक्सींना सीएनजी लागला. सिलिंडरने डिकी व्यापली आणि प्रवाशांचे सामान टपावरच्या कॅरिअरवर गेले.

नव्या गाड्यांचे त्रास नव्या जातीचे आहेत. उंदीर वायरी कुरतडतात, आणि त्यावर बॉनेटखाली तंबाखूची पाने ठेवणारे लोक आहेत. २०२० च्या टाळेबंदीत महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या. संगणक आणि अलार्म गाडी बंद असतानाही थोडी वीज पीत असतात. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यातली गाळणी शहरातल्या रोजच्या लहान फेऱ्यांत पुरेशी तापत नाही. त्यामुळे साठलेली काजळी जळत नाही आणि ती तुंबते. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास सलग चालवणे हा तिचा उपाय आहे. ऑइलची पट्टी, टायरमधली हवा आणि कूलंटची पातळी मात्र आजही मालकालाच पाहावी लागते. कूलंटच्या टाकीत नळाचे पाणी ओतण्याची चूकही जुनीच.

मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. खासगी मालकीच्या पद्मिनी अजून आहेत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी त्यांची नोंदणी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी गाडी आरटीओत तपासणीला उभी करावी लागते. त्याआधी ब्रेक, दिवे आणि धूर यांचे काम उरकले जाते, आणि खालचा पत्रा पुन्हा एकदा ठोकून पाहिला जातो.