पाझरलेला सेल

आमच्याकडं बॅटरी म्हणजे हातातली विजेरी. तिच्यात घालायचे ते सेल. रात्रीच्या पाण्याच्या पाळीला बॅटरी आणि खुंटीवर ट्रान्झिस्टर, दोघांचाही जीव सेलात.

सेलाचा मूळपुरुष फ्रान्सचा. लेक्लांशे नावाच्या माणसानं १८६६ साली काचेच्या बरणीत नवसागराचं पाणी घालून तो केला. बरणी हिंदकळायची. मग १८८६ मध्ये जर्मनीच्या गासनरनं जस्ताचंच भांडं केलं आणि आत ओलसर लगदा भरला. मधे कोळशाची कांडी, भोवती मँगनीजची काळी भुकटी. आपला लाल सेल त्याच वंशातला.

नवसागर आपल्याला परका नाही. कल्हईवाला तापल्या पातेल्यावर टाकतो तोच. तो तांब्या-पितळेवरचा मळ खातो म्हणून कल्हई धरते. सेलात त्याच्या तोंडी जस्त असतं. वीज घ्याल तसं भांडंच झिजतं, शेवटी भोक पडतं आणि आतला रस बाहेर येतो. म्हणून पाझरतो तो बहुतेक संपलेला सेल.

पुणे रेडिओ केंद्रानं १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं बसवली. गडी माणसं एकत्र ऐकायची, मग चर्चा करायची. पुढं ट्रान्झिस्टर घरोघर आले. बाजारभाव, पाऊसपाणी सगळं त्यातनंच कळायचं. पण पोस्टात लायसनचे पैसे भरा, वर सेलाचा खर्च. मग सेल मंदावला की लोक दातानं चावत, पत्र्यावर उन्हात ठेवत. ऊब लागली की आतली क्रिया जोर धरते, रातच्या बातम्यांपुरता आवाज निघे. अगदीच मेला की फोडून त्याची काळी भुकटी पोरं शाळेच्या फळ्याला फासत. इतका पिळलेला सेल रेडिओत विसरला, की संपलंच. महिन्याभरानं स्प्रिंग हिरवी कळकलेली. तालुक्याचा मेकॅनिक "सर्किट गेलं" म्हणे. आता स्प्रिंग कळकली म्हणून सर्किट कसं जाईल? पण विचारणार कोण!

काम खरं घरचंच. सेल काढायचे, रेडिओ पालथा धरून जुन्या दातघासणीनं भुकटी खाली झाडायची, म्हणजे ती आत उतरत नाही. हा रस आंबट जातीचा, म्हणून खायचा सोडा थेंबभर पाण्यात कालवून कापडानं लावायचा, पुसायचा आणि पुरता वाळू द्यायचा. मग पॉलिश पेपरनं पत्री घासायची, चकाकेपर्यंत. पाणी ओतायचं नाही. हात धुवायचे, डोळ्याला लावायचे नाहीत.

हल्ली रिमोटात अल्कलाइन सेल येतात. ते फुटले की पांढरी भुकटी येते. ती पालाशाची, चुलीच्या राखेतल्या खारासारखी. तिथं सोडा कामाचा नाही, लिंबाचा थेंब लागतो. थेंब पडताच फसफसलं, की समजायचं हा दुसऱ्या जातीचा सेल.