मेदपेशींची उत्पत्ती आणि संप्रेरके

निरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला, आणि बारामती व इंदापूर या अवर्षणग्रस्त तालुक्यांत बागायत व जिरायत असे दोन प्रदेश शेजारी शेजारी उभे राहिले. एकीकडे ऊस व गूळ, तर दुसरीकडे ज्वारी-बाजरी आणि १९७२ सारखा दुष्काळ. टंचाई सोसलेल्या मातेची संतती पुढे विपुलतेत वाढते, तेव्हा तिच्या देहातील मेदाचा प्रश्न केवळ शारीरविज्ञानाचा न राहता इतिहासाचाही होतो.

मेद म्हणजे निव्वळ साठा, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. अधिवृक्क ग्रंथीचा स्राव अतिरिक्त झाल्यास हातपाय कृश राहून धडावर मेद चढतो. हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये वर्णिलेल्या विकारात हेच चित्र दिसते. परंतु असलेल्या पेशी फुगतात की नव्या जन्मतात, हे त्यावरून ठरत नव्हते. १९७४-७५ मध्ये हॉवर्ड ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या भ्रूणापासून मिळालेल्या पेशींचे मेदपेशींत रूपांतर होते, हे काचपात्रात दाखविले. या रूपांतरास इन्सुलिनने वेग येतो. अधिवृक्कजन्य संप्रेरकांसारखी द्रव्येही त्यास साहाय्य करतात. १९९४ मध्ये या रूपांतराचे सूत्र हाती असलेले प्रथिन, पीपीएआर-गॅमा, ओळखले गेले. त्याच वर्षी मेदपेशी स्वतः लेप्टिन हे संप्रेरक स्रवते, हेही उघड झाले. कोठार समजली गेलेली पेशी ग्रंथी ठरली.

या विचारात पुणे जिल्ह्याने मोलाची भर घातली. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांच्या अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम होते. स्नायू व पोट यांत तूट मोठी होती. पाठीवरील त्वचेखालचा मेद मात्र बराचसा राखला गेला होता. २००२ मध्ये पुणे व लंडन येथील अर्भकांच्या नाळेतील रक्ताची तुलना प्रसिद्ध झाली. लहान असूनही पुण्याच्या अर्भकांत इन्सुलिन अधिक आढळले. मातेचे इन्सुलिन वारेतून गर्भाकडे जवळजवळ जात नाही, साखर मात्र जाते. म्हणून ते इन्सुलिन गर्भाचेच मानावे लागते. तथापि त्यामुळेच मेदपेशींची संख्या वाढली, असे या पुराव्यावरून सिद्ध होत नाही. तसा संभव मात्र दिसतो.

२००८ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी अणुचाचण्यांतील किरणोत्सर्गी कार्बनाच्या साहाय्याने दाखविले की, प्रौढ वयात मेदपेशींची संख्या बहुतांशी स्थिर राहते आणि दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी बदलतात. म्हणजे संख्या मुख्यतः बाल्य व कौमार्यात ठरते. हे ग्राह्य धरल्यास कालव्याकाठच्या व जिरायत गावांतील आरोग्याचे मोजमाप केवळ वजनकाट्यावर करणे अपुरे आहे. कृश दिसणाऱ्या देहातही मधुमेहाची पूर्वपीठिका असू शकते, आणि तिचा आरंभ मातेच्या पोषणापाशी शोधावा लागतो.