दोष अक्षरात नाही, सांध्यात आहे: अप्रॅक्सिया आणि वाचोपचार

चार वर्षांच्या मुलाला ‘बटाटा’ म्हणायला सांगितले. पहिल्यांदा ‘पताटा’ आले, मग ‘टबाटा’, तिसऱ्यांदा नुसतेच ‘बाटा’. ब, ट, आ हे उच्चार त्याला सुटे सुटे येतात. ऐकू स्वच्छ येते, सांगितलेले कळते, आणि घास तोंडात फिरवताना तीच जीभ कुठे अडत नाही. शब्द ठाऊक आहे, स्नायूही धड आहेत. पण ओठ केव्हा मिटायचे, जिभेचे टोक केव्हा मागे वळायचे, स्वरतंतू केव्हा कंप पावायचे, या हालचालींची आखणी करतानाच मेंदूचा घोळ होतो. वाणीचा अप्रॅक्सिया तो हाच.

स्नायूंत बळ असूनही ठरवून करायची हालचाल न जमणाऱ्या रुग्णाचे वर्णन जर्मनीत ह्यूगो लीपमान यांनी १९०० साली केले, ते हातापायांच्या संदर्भात. वाणीपुरता हा विचार ठामपणे मांडला मेयो क्लिनिकच्या फ्रेडरिक डार्ली यांनी, १९६०च्या दशकाच्या अखेरीस. प्रौढांमध्ये हा विकार बहुधा पक्षाघाताने मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाल्यावर येतो, आणि अनेकदा वाचाघाताच्या, म्हणजे भाषाच हरपण्याच्या, जोडीनेच. मुलांमध्ये बहुतेक वेळा इजा दिसतच नाही. काही मुलांत कारण जनुकात सापडते. लंडनच्या ‘के-ई’ कुटुंबात तीन पिढ्यांतील सुमारे निम्म्या माणसांना हा त्रास होता. त्यामागचा फॉक्सपी-२ या जनुकातील बदल २००१ साली उजेडात आला. आईने कमी बोलून दाखवले किंवा घरात दोन भाषा बोलल्या, म्हणून अप्रॅक्सिया होत नाही. हे ठासून सांगायला हवे, कारण आपल्या घरांत पहिला ठपका आईवरच येतो.

निदानासाठी अमेरिकेच्या वाक्‌-श्रवण संघटनेने २००७ साली तीन खुणा सांगितल्या. तोच शब्द पुन्हा म्हणताना चूक बदलत जाते, एका ध्वनीतून दुसऱ्यात जाणे लांबते किंवा तुटते, आणि बोलण्यातले आघात व लय बिघडते. तिसरी खूण मराठीला जशीच्या तशी लावता येत नाही. इंग्रजीत आघाताची जागा बदलली की काही शब्दांचा अर्थ बदलतो. मराठीत तसे होत नाही. आपल्याकडे पाहावे ते असे की वाक्यातले प्रत्येक अक्षर सारख्याच वजनाने, तुटक पडते आहे का, आणि ‘तू आलास’ व ‘तू आलास?’ हा फरक मूल सुराने दाखवू शकते का. इंग्रजी शब्दयाद्या भाषांतरित करून केलेली तपासणी मला निरुपयोगी वाटते. ख-घ-भ यांसारखे महाप्राण, ण आणि ळ, ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च हे त्या याद्यांत येणार तरी कसे?

दोष दोन ध्वनींच्या सांध्यात असेल, तर उपचारही सांध्यावरच व्हायला हवा. ‘नको’ हा शब्द घ्या. लहान मुलाला याहून उपयोगी शब्द क्वचितच असेल. ‘न’साठी जिभेचे टोक वर टेकते आणि हवा नाकातून जाते. लगेच नाकाची वाट बंद होऊन जिभेचा मागचा भाग उचलायला हवा, आणि ओठ ‘ओ’साठी गोल व्हायला हवेत. नाकाची वाट बंद व्हायला उशीर झाला की ‘नंको’ ऐकू येते. इथे ‘न’ वेगळा, ‘को’ वेगळा घोकून घेणे म्हणजे नेमका आजारी भागच वगळणे. इडिथ स्ट्रँड यांच्या पद्धतीत थेरपिस्ट मुलासमोर बसून, त्याची नजर आपल्या तोंडाकडे वळवून, त्याच्याबरोबरच संथपणे ‘नऽकोऽ’ म्हणते. स्वर ताणायचा, पण मध्ये थांबायचे नाही. लागेल तिथे गालाला किंवा ओठांना बोटाने खूण करायची. जमू लागले की थेरपिस्ट आधी म्हणते आणि मूल मागून. पुढे मध्ये थोडा अवधी ठेवायचा. शेवटी प्रश्न विचारून मुलाकडून आपणहून ‘नको’ यायला हवे. अडखळले की एक पायरी खाली यायचे.

मेणबत्तीवर फुंकर, शिट्टी, जीभ बाहेर काढून वरखाली करणे हे व्यायाम अजून अनेक ठिकाणी करून घेतले जातात. घरी जिभेला वेखंड उगाळून लावतात. बोलण्याची आखणी बोलूनच सुधारते, फुंकरीने नव्हे. आणि अशक्त नसलेल्या जिभेला बळ देऊन काही साधत नाही.

उपचाराचे प्रमाण हा पालकांच्या दृष्टीने सर्वांत कठीण भाग. ऑस्ट्रेलियात २६ मुलांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन पद्धतींची तुलना झाली. दोन्हींत आठवड्याला चार दिवस, तीन आठवडे, रोज एक तास उपचार होता, आणि दोन्ही गटांत सुधारणा दिसली. २०१८च्या कॉक्रेन आढाव्याला मुलांबाबत यादृच्छिक पद्धतीची तेवढी एकच चाचणी सापडली. पुरावा असा तोकडा असला तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास हा आपल्याकडचा रिवाज पुरेल, असे त्यातून कुठेच निघत नाही. तालुक्याच्या गावातून बस पकडून येणाऱ्या कुटुंबाला रोज येणे शक्य नसते. तिथे आईवडिलांना चार-पाच शब्दांचा सराव नीट शिकवून, घरी दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटे करून घेणे हाच मार्ग उरतो.

प्रौढांत आणखी एक गोष्ट दिसते. नाव विचारले तर आजोबांचे ओठ चाचपडतात, पण रामरक्षा सुरू झाली की ते बरोबरीने म्हणतात, आणि ठेच लागली की ‘अरे देवा’ स्वच्छ येते. घरच्यांना वाटते, मनात आणले तर बोलतील. पण पाठांतर आणि उद्गार आपोआप येतात. नव्याने जुळवायचे बोलणे अडते. १९७३ साली बोस्टनमध्ये वाचाघातासाठी पुढे आलेली स्वरानुसारी उपचारपद्धती रामरक्षेत असतो तशा सुराचा आधार घेते: डाव्या हाताने ताल धरत ‘पाणी दे’ सुरात म्हणायचे, मग हळूहळू सूर काढून टाकायचा. नुसती भजने म्हणून घेतली तर मन रमेल, पण मागणी करता येणार नाही.

बोलणे येईपर्यंत चित्रांचा फलक किंवा टॅब द्यावा का, यावर घरोघरी अडते. त्याने मूल बोलायचे सोडेल ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. पोट दुखते हे सांगण्यासाठी कोणालाही सहा महिने थांबायला लावू नये. फलक पहिल्याच भेटीत द्यावा आणि शब्दांचा सराव त्याच्या बरोबरीने चालू ठेवावा.