लोटस ८८ : शर्यतीविना राहिलेली गाडी
१९८१ साली फॉर्म्युला वनमध्ये वेग आवरण्यासाठी नियम आला: गाडीचा तळ जमिनीपासून ६ सेंटिमीटर वर हवा. संघांनी पळवाटा शोधल्या, स्प्रिंगा दगडासारख्या कडक केल्या. हिसके बसले ड्रायव्हरच्या पाठीला.

लोटसच्या कॉलिन चॅपमन यांनी एकाच गाडीत दोन सांगाडे बसवले. बाहेरचा हवेचा दाब थेट चाकांकडे नेई. आतला, मऊ स्प्रिंगांवरचा, ड्रायव्हरला सांभाळी. लाँग बीचला गाडी सरावाला उतरली. प्रतिस्पर्ध्यांनी तक्रारी केल्या, ती बेकायदा ठरली आणि एकाही शर्यतीत धावली नाही.

नियमाचा हेतू तिने चुकवला, हे खरंच. पण ड्रायव्हरच्या पाठीचा विचारही तिनेच केला होता. फसलेल्या प्रयोगांच्या वह्या जपणाऱ्या माझ्यासारख्या संशोधकाला म्हणूनच तो निकाल अजून अर्धवट वाटतो.