दमणचा फ्रेंच डॉक्टर

नाशिकहून पेठमार्गे घाट उतरले की दमण फारसे दूर नाही. लोक तिकडे समुद्र पाहायला जातात. आम्हाला तेथे शार्ल देलों हा फ्रेंच डॉक्टर आठवतो. ऑगस्ट १६७३ मध्ये इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या हुकमाने त्याला दमणमध्ये पकडले. तो परका होता, परधर्मी नव्हे; कॅथलिकच होता. गुन्हा काय? दानपेटीवरील चित्राचे चुंबन घ्यायला त्याने नकार दिला आणि वादात क्रूसावरील मूर्तीला हस्तिदंताचा तुकडा म्हटले. वसईच्या तुरुंगातून त्याला गोव्याला नेले. कोठडीत त्याने जीव देण्याचाही प्रयत्न केला. जानेवारी १६७६ मध्ये शिक्षा झाली: मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपारी, पोर्तुगालात पाच वर्षे सक्तमजुरी. पुढच्या वर्षी सुटला. १६८७ मध्ये छापलेल्या पुस्तकात तो लिहितो की, दमणच्या गव्हर्नरचा एका स्त्रीवरून त्याच्यावर राग होता. धर्माचे निमित्त झाले!

हे वाचून आपण सुखावण्याचे मात्र कारण नाही. २००७ मध्ये सुदानात गिलियन गिबन्स या इंग्रज शिक्षिकेला पंधरा दिवसांची कैद झाली. वर्गातल्या सहा-सात वर्षांच्या मुलांनी मते घेऊन खेळण्यातल्या अस्वलाचे नाव 'मुहम्मद' ठेवले होते. बहुतेक सगळी मुले मुसलमानांचीच. तक्रार पालकांची नव्हे, शाळेतल्याच एका कर्मचारी बाईची. गिबन्सला माफी मिळवून द्यायला खार्टुमला गेले ते ब्रिटिश संसदेतले दोन मुसलमान सदस्य. त्यांपैकी एक सईदा वारसी.