अंदाजपत्रकाची मॉडेले: तक्त्यापासून क्यूबपर्यंत

बिझनेस इंटेलिजन्स सॉफ्टवेअरमधील नियोजन मॉडेल म्हणजे कंपनीची येत्या काळातील विक्री, खर्च, मनुष्यबळ आणि नफा मांडण्याची चौकट. तिच्यात अनेक माणसे एकाच वेळी आकडे भरतात. बेरीज, वाटप आणि तुलना सॉफ्टवेअर करते. अहवालाचे मॉडेल आणि हे मॉडेल यांत एक मूळचा फरक आहे. अहवालासाठी घडून गेलेले व्यवहार नुसते वाचायचे असतात. नियोजनात जो आकडा अजून अस्तित्वातच नाही, तो कुणीतरी लिहायचा असतो. या सॉफ्टवेअरच्या इतिहासातल्या बहुतेक अडचणी त्या फरकातूनच निघाल्या.

व्यवसायात अंदाजपत्रकाला शिस्तीचे रूप आले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात. शिकागो विद्यापीठात शिकवणाऱ्या जेम्स मॅकिन्सी यांचे ‘बजेटरी कंट्रोल’ हे पुस्तक १९२२ मध्ये आले. आधी विक्रीचा अंदाज, त्यावरून उत्पादन, उत्पादनावरून कच्चा माल आणि मजुरी, शेवटी रोकड अशी साखळी तेव्हापासून रूढ झाली. साखळी कागदावर होती, त्यामुळे विक्रीचा एक आकडा बदलला की पुढचे सगळे तक्ते खोडून पुन्हा लिहावे लागत. म्हणून अंदाजपत्रक वर्षातून एकदा होई, आणि एकदा मंजूर झाले की त्याला हात लावायला कुणी धजत नसे.

ही साखळी संगणकाला शिकवता येईल, हा विचार सर्वांत आधी नेमकेपणाने मांडणाऱ्यांत रिचर्ड मॅटेसिक हे हिशेबशास्त्रज्ञ होते. १९६१ मध्ये ‘द अकाउंटिंग रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्यांनी अंदाजपत्रकाचे गणिती मॉडेल मांडले आणि १९६४ मध्ये संपूर्ण कंपनीच्या अंदाजपत्रकाचा फोरट्रान भाषेतला प्रोग्रॅम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. १९६९ मध्ये रेने पार्डो आणि रेमी लँडाऊ यांनी तयार केलेली ‘लॅनपार’ ही प्रणाली बेल कॅनडासारख्या दूरध्वनी कंपन्यांत थेट अंदाजपत्रकासाठीच वापरली गेली. सूत्रे कोणत्याही क्रमाने लिहा, हिशेबाचा क्रम यंत्र लावेल, ही तिची खुबी. स्प्रेडशीटचा इतिहास सांगताना लॅनपारला बहुधा तळटीपेत ढकलतात, ते तिच्यावर अन्याय करणारे आहे.

सत्तरच्या दशकात दोन वाटा फुटल्या. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या परिसरातून ‘एक्सप्रेस’ निघाले. त्यात विक्रीचा आकडा उत्पादन, प्रदेश आणि महिना अशा अनेक परिमाणांच्या छेदावर साठवला जाई. टेक्सासमध्ये जेराल्ड वॅग्नर यांच्या एक्झेक्युकॉम कंपनीचे ‘आयएफपीएस’ आले. त्यात विक्री म्हणजे किंमत गुणिले नग, अशी साध्या भाषेतली विधाने लिहून मॉडेल बनवता येई, आणि हव्या असलेल्या नफ्यासाठी किती नग विकावे लागतील याचा उलटा हिशेबही मिळे. दोन्ही प्रणालींत सूत्रे एका बाजूला आणि आकडे दुसऱ्या बाजूला राहत. पण दोन्ही मोठ्या संगणकांवर चालत, त्यामुळे त्यांचे भाडे परवडणाऱ्या कंपन्यांपुरत्याच त्या राहिल्या.

१९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे ‘व्हिसिकॅल्क’ ॲपल टू या छोट्या संगणकावर आले आणि चित्र पालटले. १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आणि १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर ‘एक्सेल’ त्यामागोमाग आले. आता हिशेब करणाऱ्याला संगणक विभागाची पायरी चढावी लागत नव्हती. मात्र आकडा, सूत्र आणि मांडणी या तीन गोष्टी एकाच चौकटीत जाऊन बसल्या. मधे एक ओळ घातली की भलत्याच जागची बेरीज बिघडे, आणि ते महिनाभर कुणाच्या ध्यानातही येत नसे. खरी पंचाईत होई ती एकत्रीकरणाच्या वेळी. चाळीस शाखांकडून चाळीस फाइली यायच्या. त्यातल्या काहींत खात्यांची नावे बदललेली, काहींत एखादा स्तंभ वाढवलेला. मुख्य कचेरीतल्या माणसांचे आठवडे नियोजनाऐवजी फाइली जुळवण्यात जात.

यावरचा पहिला टिकाऊ उपाय मॅनी पेरेझ यांना सुचला. एक्सॉनमध्ये काम करताना त्यांनी बहुपरिमाणी कोष्टकाची कल्पना आखली आणि पुढे सिन्पर कंपनीमार्फत १९८४ च्या सुमारास ‘टीएम१’ बाजारात आणले. त्यात आकडे स्प्रेडशीटच्या बाहेर, संगणकाच्या स्मृतीत असलेल्या क्यूबमध्ये राहत. स्प्रेडशीट ही त्या क्यूबची नुसती खिडकी होती. पण तिच्यातून पाहता येई तसे लिहिताही येई.

क्यूब म्हटले की पहिला प्रश्न आकाराचा येतो. ५०० उत्पादने, २०० दुकाने, १२ महिने, २० खाती आणि ३ आवृत्त्या एवढेच घेतले, तरी घरांची संख्या ७ कोटी २० लाख होते. प्रत्यक्षात त्यातली बहुतेक घरे रिकामी असतात, कारण प्रत्येक दुकान प्रत्येक उत्पादन विकत नाही. टीएम१ फक्त भरलेली घरे स्मृतीत ठेवी आणि वरच्या बेरजा मागणी आल्यावर काढी. १९९२ मध्ये आर्बर सॉफ्टवेअरने आणलेल्या ‘एसबेस’ने दुसरा मार्ग धरला. दाट भरलेली परिमाणे एका गठ्ठ्यात, विरळ परिमाणे त्या गठ्ठ्यांच्या सूचीत, आणि बेरजा आधीच काढून डिस्कवर ठेवलेल्या. त्यामुळे अहवाल चटकन उघडत, पण बेरजांचा हिशेब अनेक ठिकाणी रात्री चालवावा लागे. सायंकाळी बदललेल्या आकड्याचा परिणाम सकाळी दिसे. परिमाणांपैकी दाट कोणते आणि विरळ कोणते हे ठरवणे ही त्या काळच्या मॉडेलकाराची खरी कसोटी. ते चुकले तर डेटाबेस बघता बघता अवाढव्य फुगे.

१९९३ मध्ये या प्रकाराला ‘ओलॅप’ हे नाव आणि प्रतिष्ठा मिळाली. रिलेशनल डेटाबेसचे जनक एडगर कॉड यांनी सहकाऱ्यांसह एक पत्रिका लिहून अशा सॉफ्टवेअरचे १२ नियम मांडले. त्या पत्रिकेमागे आर्बरचा पैसा होता आणि नियम एसबेसला बरेच सोयीचे होते, हे बाहेर आल्यावर टीका झाली. नाव मात्र टिकले.

त्याच सुमारास डेटा वेअरहाउसची शाखा वाढत होती. बिल इनमन आणि राल्फ किंबॉल यांच्या पुस्तकांनी तिची पद्धत घालून दिली: व्यवहारांच्या नोंदी रात्री ओतायच्या, किंबॉल यांच्या मांडणीत मधोमध आकड्यांचे कोष्टक, भोवती परिमाणांची कोष्टके, आणि वापरणाऱ्याने फक्त वाचायचे. १९८९ पासून हॉवर्ड ड्रेस्नर यांनी लोकप्रिय केलेले ‘बिझनेस इंटेलिजन्स’ हे नाव मुख्यतः याच वाचनप्रधान साधनांना चिकटले. लिहिण्याची सोय करायची, तर दोन माणसांनी एकाच घरात आकडा टाकला तर काय करायचे, कुणाला कुठवर लिहू द्यायचे, मंजुरीनंतर कुलूप कसे लावायचे, या सगळ्याची उत्तरे लागत. वाचनासाठी बांधलेल्या घरात ती सोय नव्हती. म्हणून अनेक वर्षे एकाच कंपनीत अहवालाचे सॉफ्टवेअर वेगळे, नियोजनाचे वेगळे आणि दोघांतल्या खात्यांच्या याद्याही वेगळ्या असत.

२००७ या एका वर्षात ही फारकत निदान मालकीपुरती मिटली. ओरॅकलने ३.३ अब्ज डॉलरना हायपेरियन ही नियोजन-सॉफ्टवेअर कंपनी घेतली. आर्बर १९९८ मध्येच हायपेरियनमध्ये विलीन झाल्यामुळे एसबेसही ओरॅकलकडे गेले. एसएपीने नियोजनासाठी आउटलुकसॉफ्ट आणि अहवालांसाठी बिझनेस ऑब्जेक्ट्स या कंपन्या विकत घेण्याचे करार केले. कॉग्नोस या अहवाल-सॉफ्टवेअर कंपनीने टीएम१ची तेव्हाची मालक ॲप्लिक्स घेतली आणि थोड्याच आठवड्यांत आयबीएमने खुद्द कॉग्नोसच घेत असल्याचे जाहीर केले. मायक्रोसॉफ्टनेही त्याच वर्षी ‘परफॉर्मन्सपॉइंट’मध्ये नियोजनाचा भाग आणला, पण २००९ च्या सुरुवातीलाच तो बंद करत असल्याचे सांगून टाकले. खरेदी झटपट झाली. दोन घरांतली खाती एका यादीत आणायला मात्र ग्राहकांची पुढची कित्येक वर्षे गेली.

पुढची पिढी क्लाउडवर आली. कॉग्नोसने आधीच विकत घेतलेल्या अ‍ॅडेटम या नियोजन-सॉफ्टवेअर कंपनीतून आलेले गाय हॅडलटन आणि मायकेल गूल्ड २००६ मध्ये ॲनाप्लॅनच्या संस्थापकांत होते. एसएपीने २०१५ मध्ये नियोजनापासून सुरुवात करून जे उत्पादन आणले, तेच पुढे ‘एसएपी ॲनालिटिक्स क्लाउड’ झाले. अहवाल आणि नियोजन दोन्ही तिथे एका छपराखाली आहेत, तरी नवे मॉडेल करताना ते नियोजनाचे आहे की केवळ विश्लेषणाचे, हे ठरवावे लागते. नियोजनाचे असेल तर दिनांक आणि आवृत्ती ही दोन परिमाणे त्यात असावीच लागतात.

आवृत्तीचे परिमाण हा या मॉडेलांचा कणा. प्रत्यक्ष, अंदाजपत्रक आणि सुधारित अंदाज हे तीन संच एकाच चौकटीत शेजारी बसतात, म्हणून तफावत एका वजाबाकीत निघते. कच्चा आकडा आधी खासगी आवृत्तीत मांडून पाहता येतो. सार्वजनिक आवृत्तीत तो जाहीर केल्यावरच इतरांना दिसतो. दिनांकाच्या परिमाणात आर्थिक वर्ष कोणत्या महिन्यापासून सुरू होते ते सांगावे लागते. पालक कंपनीचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि भारतीय शाखेचे एप्रिल ते मार्च असेल, तर हा छोटासा पर्याय पहिल्याच दिवशी नीट लावलेला बरा. मार्चअखेरच्या घाईत तो दुरुस्त करणे जिकिरीचे होते.

खात्यांच्या परिमाणात प्रत्येक खाते उत्पन्न, खर्च, मालमत्ता की देणे हे नोंदवतात, कारण चिन्ह त्यावरून ठरते. प्रत्येक आकड्याची बेरीज कशी व्हावी हेही तिथेच लिहावे लागते. विक्री बारा महिन्यांची मिळवता येते. पण प्रत्येक महिन्यात १० कर्मचारी असले म्हणून वर्षाचे १२० होत नाहीत, अखेरच्या साठ्यासाठी शेवटचा महिनाच घ्यावा लागतो, आणि सरासरी किंमत तर रक्कम भागिले नग असा भागाकार करूनच काढावी लागते. नवख्याने बांधलेल्या मॉडेलात चूक शोधायची झाली, तर पहिली नजर इथेच टाकावी.

वरून खाली वाटप ही आणखी एक अवघड जागा. संचालकाने वर्षाच्या घरात १ कोटी लिहिले की सॉफ्टवेअर ते महिन्यांवर आणि दुकानांवर वाटते. खाली आधीचे आकडे असतील तर त्यांच्या प्रमाणात वाटते. खालची घरे रिकामी असतील तर काही ठिकाणी समान वाटणी होते, काही ठिकाणी सगळी रक्कम ‘अनियुक्त’ नावाच्या कप्प्यात जाते. म्हणून नवे वर्ष उघडताना गेल्या वर्षाचे आकडे आधी उतरवून घेण्याची रीत पडली आहे. दिवाळीचा महिना आणि पावसाळ्याचा महिना यांना सारखाच वाटा जाऊ नये, एवढाच तिचा हेतू. त्यावर प्रत्येक परिमाणाला हक्क लावतात: शाखाप्रमुख आपल्याच शाखेत लिहितो, लेखाविभाग सर्वत्र वाचतो, आणि मंजूर झालेल्या महिन्यांना कुलूप लागते.